रुमालाखालचा भाव

जाहिरातीवर बोट टेकवलं की जे एकपानी दुकान उघडतं, ते बांधणं हा माझा धंदा. वर हसरं कुटुंब, मध्ये चार हिरव्या बरोबरच्या खुणा, शेजारी फॉर्म: नाव, मोबाईल, ईमेल, ‘सबमिट’. आमच्या बोलीत हे लँडिंग पेज, आणि त्यातून हाती लागतं ते लीड. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम आले, मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली, आणि तेव्हापासून या पानांवरून जुंपली आहे. एका बाजूला मार्केटिंगवाले. त्यांची चर्चा रकाने तीन की पाच, बटण हिरवं की केशरी, आणि संमतीचा नवा चौकोन कुठे बसवला म्हणजे गिऱ्हाइकाला टोचणार नाही, एवढ्यावर संपते. दुसऱ्या बाजूला खासगीपणाचे कैवारी. अनोळखी माणसाचा नंबर मागणं हीच मुळात चोरी, असा त्यांचा पवित्रा. दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघांचाही नेम चुकतो. नंबर मागण्यात गैर काही नाही. गैर आहे तो क्रम: गिऱ्हाईक जे विचारायला आलं त्याचं उत्तर द्यायच्या आधी नंबर मागणं. भाव सांगायला नंबर मागणारं पान वाईटच, मग त्यातला संमतीचा चौकोन वकिलाने स्वतः आखून दिलेला का असेना. आणि माझं पुढचं म्हणणं असं, की ते धंद्याच्या हिशेबानेही वाईट आहे.

गुरांच्या बाजारात जे फिरलेत त्यांना रुमालाखालचा सौदा ठाऊक असेल. दलालाने आणि गिऱ्हाइकाने हातात हात घ्यायचा, वर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकायचा, आणि खाली बोटं दाबून भाव ठरवायचा. बैलाचा मालक दोन हातांच्या अंतरावर उभा असतो, पण त्याच्याच बैलाचा भाव त्याला शेवटी कळतो. शेतमालातही हीच ‘हत्ता’ पद्धत चालायची. तिच्यात दलालाचं फावायचं, कारण दोन्हीकडची बोटं फक्त त्यालाच ठाऊक. हे मोडायला आपल्याकडे पिढ्या गेल्या. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस-धान्य बाजारांसाठी कायदा आला, आणि पुढे १९६३चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा. वजनकाटा, अडत आणि भाव यांना उघड्यावर आणण्याची ही लांबलचक खटपट होती. बाजार समित्यांचं नंतर काय झालं ही वेगळी रडकथा आहे. पण उघड लिलाव चुकीचा होता, रुमालच बरा होता, असं आज कुणी शेतकरी म्हणेल का?

मग फ्लॅटच्या बाबतीत आपण ते मुकाट्याने का सोसतो? गेल्या पावसाळ्यात बहिणीसाठी पुण्याच्या पश्चिमेला टू बीएचके बघत होतो. एका प्रकल्पाचं पान उघडलं. क्लब हाउस होतं, जॉगिंग ट्रॅक होता, सूर्यास्तही होता. फक्त भाव नव्हता. भावाच्या जागी धूसर केलेला आकडा आणि वर बटण: ‘किंमत पाहण्यासाठी तपशील भरा’. फॉर्ममध्ये नाव, मोबाईल, आणि खाली यादीतून निवडायचं ‘आपलं बजेट’: ५० ते ७५ लाख, ७५ लाख ते १ कोटी, असं चढत. म्हणजे माझी बोटं मी उघडी करायची आणि त्यांची रुमालाखालीच. धंद्यातला माणूस असूनही भरला. फोन टेबलावर ठेवायच्या आत वाजला. किंमत विचारली तर मुलगी म्हणाली, “सर, प्राइस साइट व्हिजिटलाच डिस्कस होते. शनिवार की रविवार?” रात्री नऊपर्यंत आणखी सहा फोन, त्यांतले दोन भलत्याच प्रकल्पांचे. मग मी परत जाऊन बटणाखालची फिकट करड्या रंगातली ओळ चष्मा लावून वाचली. माझा नंबर डीएनडीत नोंदवलेला असला तरी या कंपनीला आणि तिच्या ‘सहयोगींना’ मी फोन, एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅप करण्याची परवानगी देतो, असं मीच कबूल केलं होतं.

ही ओळ महत्त्वाची, कारण चोरी कुठे होते ते तिथे दिसतं. डीएनडी, म्हणजे नको असलेले फोन थांबवण्याची यादी, आपल्याकडे २००७पासून आहे. १९०९वर नोंद करता येते. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८च्या नियमांनी जाहिरातदारांना नोंदणीच्या साखळीत बांधलं, २०२५च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात केली. पण गिऱ्हाइकाने स्वतः स्पष्ट संमती दिली असेल तर ती या नोंदीवर मात करते, आणि तसंच असायला हवं. मी दुकानदाराला ‘फोन करा’ म्हटलं तर सरकारने मध्ये पडू नये. त्यामुळे तो छोटा फॉर्म नुसती माहिती गोळा करत नाही. तुम्ही दाराला लावलेल्या कुलपाची किल्ली तुमच्याच हातून काढून घेतो, तीही ब्रोशरच्या बदल्यात.

आता समोरच्यांचं म्हणणं. ते हलकं नाही, आणि त्यातलं बरंचसं मी गिऱ्हाइकांच्या केबिनमध्ये बसून, चहा गार होईपर्यंत ऐकलेलं आहे. पहिलं: छोट्या धंदेवाल्याकडे दुसरा मार्गच नाही. मोठ्या ब्रँडच्या दुकानात माणूस चार वेळा येतो. सांगलीचा फर्निचरवाला किंवा नाशिकची क्लासवाली जाहिरातीच्या एकेका टिचकीला पैसे मोजते. आलेला माणूस नुसतं बघून गेला तर ते पैसे गेले, आणि तो पुन्हा सापडणार नाही. दुसरं: अनेक धंद्यांत भाव खरोखरच ठरलेला नसतो. मॉड्युलर किचन, आरोग्य विमा, छपरावरचं सोलर, यांचा एकच भाव फळ्यावर लिहा म्हणणं म्हणजे शिंप्याला मापाआधी कापड किती लागेल ते विचारणं. तिसरं: भाव उघडा टाकला की स्पर्धक बघतो. चौथं: कुणी बंदूक लावलेली नाही, लोक स्वतःहून भरतात.

तिसरं आधी निकालात काढू, कारण त्यात दम नाही. स्पर्धकाचा माणूस दुसऱ्या सिमवरून त्याच दिवशी फॉर्म भरतो आणि शनिवारी बायको घेऊन साइट व्हिजिटही करून येतो. सगळ्या बिल्डरांना सगळ्या बिल्डरांचे भाव पाठ असतात. अख्ख्या बाजारात भाव ठाऊक नसलेला माणूस एकच, ज्याच्या खिशातून तो जाणार आहे.

दुसरं मात्र तब्येतीने घ्यायला हवं. सोलरचंच उदाहरण घेतो, कारण तिथे ‘आकडा गच्चीवर आल्याशिवाय सांगता येत नाही’ हे खरं आहे. छप्पर स्लॅबचं की पत्र्याचं, शेजारच्या टॉवरची सावली किती वाजता पडते, स्ट्रक्चर किती उंच हवं, मीटरपर्यंत वायर किती लागेल, मंजूर भार किती, यावर खर्च हलतो. पण सगळाच हलतो का? फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाचं अनुदान छापील आहे: १ किलोवॅटला ३० हजार रुपये, २ किलोवॅटला ६० हजार, ३ किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार. १ किलोवॅटला ढोबळमानाने १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे बिलावर महिन्याला ३०० युनिट दिसत असतील तर अडीच-तीन किलोवॅट, एवढा हिशेब कुठलाही सोलरवाला झोपेतही करतो. तरी त्यांची पानं काय म्हणतात? ‘मोफत कोटेशन मिळवा’, आणि खाली नंबर.

कोल्हापूरकडच्या एका सोलरवाल्याचं पान मी उलटं बांधलं. नाव नाही, नंबर नाही. वरच एक रकाना, ‘बिलावरचे युनिट टाका’. टाकले की किती किलोवॅट, किती जागा, अनुदान किती, आणि ते वजा जाता खर्च इतक्यापासून तितक्यापर्यंत. ‘इतक्यापासून तितक्यापर्यंत’ का, हेही दोन ओळींत: छप्पर, सावली आणि स्ट्रक्चर यांप्रमाणे आकडा हलतो. आणि मग, त्याच्याही खाली: ‘नेमका आकडा हवा असेल तर आमचा माणूस गच्ची बघून जाईल. त्यासाठी नंबर द्या. एकदाच फोन येईल, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.’ मालक पडद्याकडे बघत बसला. म्हणाला, “साहेब, सगळंच सांगून टाकल्यावर फोन कशाला करत्यात?” पहिल्या महिन्यात लीड निम्म्यावर आल्या आणि त्याने माझं बिल रोखलं. मग फोन करणाऱ्या मुलीने त्याला सांगितलं की आता लोक फोन उचलतात. पूर्वी बोलणं ‘कोण? कसला फॉर्म?’ इथून सुरू व्हायचं. आता ‘हां, तीन किलोवॅटचं बघितलं होतं’ इथून होतं. बिल मिळालं. एका दुकानावरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळतं, पण मापाआधी शिंपीही ‘शर्टाला दोन-सव्वादोन मीटर धरा’ म्हणतोच ना?

पहिला मुद्दा, छोट्या धंदेवाल्याच्या पैशांचा, इथेच येऊन मिळतो. टिचकीचे पैसे जातात हे खरं. पण ते कुणी घालवले? जाहिरातीचं काम घेणाऱ्या एजन्सीचा हिशेब लीडच्या संख्येवर असतो. महिनाअखेरीच्या मीटिंगला ‘चारशे लीड दिल्या’ असा फलक लागतो आणि विक्री बघणारा माणूस कोपऱ्यातून म्हणतो, ‘सगळी रद्दी’. ही मीटिंग मी इतक्या वेळा पाहिली आहे की दोघांचे संवाद मला पाठ आहेत. लीड म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. लीड म्हणजे ज्याची उत्सुकता भाव न सांगता ताणली आहे असा एक माणूस. तो ताण नंबर देऊन सुटतो, आणि फोन वाजेपर्यंत त्याचा रागही पिकलेला असतो. भाव झाकून ठेवलेलं पान ज्याला परवडणारच नाही त्याचाही नंबर घेतं, मग त्याला फोन करायला माणूस बसवतं, आणि त्या माणसाचा पगार सांगलीचा फर्निचरवालाच भरतो. रिकामटेकडी चौकशी गाळायची तर भावासारखी चाळणी नाही. लक्ष्मी रोडवरच्या साडीवाल्याने कधी नाव-पत्ता विचारून घडी मोडली का? ‘बसा वहिनी, बघायला पैसे पडत नाहीत’ म्हणत तो दहा साड्या पसरतो. उदारपणा वगैरे त्यात काही नाही. पसरलेल्या साडीसमोर बसलेलं गिऱ्हाईक सहसा उठत नाही, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

राहिलं ‘लोक स्वतःहून भरतात’. भरतात का? २०१५पासून फेसबुकवर असे फॉर्म आले की जाहिरातीतच उघडतात आणि नाव-नंबर आधीच भरलेले असतात. अंगठा एकदा जास्त आपटला की झालं. ‘मी कुठे भरला फॉर्म?’ असं विचारणारा माणूस दर वेळी खोटं बोलत नसतो. त्याच्याही पुढची तऱ्हा आहे. २०२२ साली युरोपातल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी १ लाख लोकप्रिय संकेतस्थळं तपासली. अमेरिकेतून उघडल्यावर त्यांतली २,९५० आणि युरोपातून उघडल्यावर १,८४४ स्थळं अशी निघाली, की रकान्यात टाइप केलेला ईमेल सबमिट दाबायच्या आधीच, संमतीशिवाय, जाहिरात आणि विश्लेषणवाल्यांकडे जात होता. लिहिलं, विचार बदलला, खोडलं. तरी तो गेलेला. याला स्वतःहून म्हणायचं?

आणि जे भरतात ते काय भरतात हे एकदा आतल्या बाजूने बघावं. सलग दहा नऊ. शेवटचा आकडा बदललेला नंबर, म्हणजे भलत्याच कुणाच्या घरी फोन. म्हणून मग ओटीपी आला; म्हणून लोकांनी जाहिरातींसाठी वेगळं सिम ठेवलं. बायका बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा भावाचा नंबर टाकतात. किचनचा भाव विचारला म्हणून रात्री साडेदहाला कुणा सेल्समनचा ‘हाय मॅम’ येतो, डीपी बघितल्याची खूण म्हणून स्मायलीसकट. पुरुषांनी भरलेल्या केबिनमध्ये ‘नंबर द्यायला काय जातं’ असं सहज म्हटलं जातं. काय जातं ते घरी विचारून यावं. नंबर हे मोल आहे, आणि ते सगळ्यांना सारखं पडत नाही.

कैवाऱ्यांशीही माझं भांडण आहे, थोडं कमी. कायद्यातली संमतीची व्याख्या चांगली आहे: मोकळी, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध. पण नुसत्या संमतीने पान सुधारतं हा भाबडेपणा आहे. युरोपात मे २०१८पासून कडक कायदा आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ऑक्टोबर २०१९मध्ये सांगितलं की आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. निकाल योग्यच. फळ काय? प्रत्येक संकेतस्थळावर एक पाटी आणि ती न वाचता बाजूला सारणारं बोट. आपल्याकडेही तेच होईल: भाव झाकलेलाच, फक्त खाली एक ऐवजी तीन चौकोन. पान निर्दोष आणि निरुपयोगी. त्याऐवजी ३० नोव्हेंबर २०२३ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांवर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत कामाचा धागा आहे. तिथे वर्णन केलेल्या तेरा प्रकारांत ‘जबरदस्तीची कृती’ हा एक आहे: हवी ती वस्तू मिळवायला नको ती गोष्ट करायला लावणं. भावासाठी नंबर हे त्याच कुळातलं नाही का? त्याच वर्षी मे महिन्यात ग्राहक मंत्रालयाने दुकानदारांना बजावलं होतं की बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नका. पैसे देऊन झालेल्या गिऱ्हाइकाला जे मागू नये, ते अजून काहीच न घेतलेल्याला मागावं?

आणि ‘मागणंच चोरी’ म्हणणाऱ्यांनी टपालाचे दिवस आठवावेत. भारतात पोस्टकार्ड १८७९ साली पाव आण्याला आलं आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी औषधांची, बियाण्यांची, पुस्तकांची सूचीपत्रं मागवली. त्यात माणूस स्वतःचा पूर्ण पत्ता लिहायचा, नंबरापेक्षा कितीतरी खासगी. कुणाला ती चोरी वाटली नाही. कारण उत्तरी टपालात सूचीपत्र यायचं आणि त्यात भाव असायचे. आणि पत्ता मिळाला म्हणून बियाणंवाला जेवणाच्या वेळी येऊन कडी वाजवत नव्हता. ज्या कामाला दिला त्याच कामाला पत्ता वापरला जायचा.

जाता जाता, आमच्याच लोकांची एक लाज. नव्या कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागणार आहे, म्हणजे मराठीतही. इकडे आमचे फॉर्म ‘सुमन’ हे नाव देवनागरीत टाइप केलं तर लाल अक्षरांत सांगतात: कृपया वैध नाव लिहा. पुण्यात बनलेलं पान, पुण्याचं गिऱ्हाईक, आणि नाव अवैध. कुणीतरी कधीतरी इंग्रजी ए ते झेडचाच नियम घातला आणि पुढच्या प्रत्येकाने तो उचलून डकवला, मीही.

फ्लॅटच्या धंद्यात हे अशक्य आहे असंही नाही. १ ऑगस्ट २०२३पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाने, प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. तो स्कॅन केला की नोंदणी, काम पूर्ण करण्याची कबूल केलेली तारीख, प्रकल्पाची इतर माहिती दिसते. ‘आपलं बजेट’ कुणी विचारत नाही. दिसायला ते पान रूक्ष आहे, कुटुंब हसत नाही, सूर्यास्त नाही. पण घर कधी मिळणार एवढ्या मोठ्या प्रश्नाला ते नंबराशिवाय उत्तर देतं.

मागच्या महिन्यात एका प्रकल्पाच्या पानासाठी बोलावणं आलं होतं. मार्केटिंग मॅनेजर तरुण, हुशार, बोलायला गोड. भाव टाकायला वरून परवानगी नाही म्हणाले. म्हटलं, ठीक, मग निदान बटणावर खरं लिहू. ‘ब्रोशर डाउनलोड करा’ऐवजी ‘माझा नंबर तुमच्या चॅनेल पार्टनरना द्या’. चॅनेल पार्टनर म्हणजे या धंद्यातले दलाल. ते हसले. “सर, असं लिहिल्यावर दाबणार कोण?” काम मला मिळालं नाही. परवा ते पान पाहिलं. बटणावर ब्रोशरच आहे. नंबर देऊन उतरवून घेतलं. चोवीस पानं आहेत, कागदाचा रंग सुरेख आहे, आणि भावाच्या जागी लिहिलंय: ‘अधिक माहितीसाठी फॉर्म भरा’.